दार सपाट, ओरखडा नाही

१

भाड्याच्या घरात पहिल्या दिवशी मी भांडलो नाही, असं आजवर एकदाही झालेलं नाही. पस्तीस वर्षं बातमीदारी केली, त्यातली बावीस गुन्ह्यांच्या पानावर. माणूस तोंडाने काय सांगतो याला काडीची किंमत नसते, सही कशाखाली करतो याला असते, एवढं एकच शहाणपण त्या पेशाने मला दिलं. त्यामुळे घरमालक स्वयंपाकघरातली यंत्रं दाखवायला आले तेव्हा मी त्यांच्या हातातली यादी काढून घेतली, चष्मा लावला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत निघालो.

‘मिक्सर एक, भांडी तीन.’ एका भांड्याचं झाकण तडकलेलं होतं. मी ते लिहायला लावलं. ‘मायक्रोवेव्ह एक.’ आतली काच फिरत नव्हती. तेही लिहायला लावलं. ‘धूर खेचणारा पंखा.’ तो धूर खेचत नव्हता, नुसता कण्हत होता.

“कण्हतो, असं लिहू?” मालकांनी विचारलं.

“आवाज करतो, असं लिहा. मी काही तुमची टिंगल करत नाहीये.”

मालक म्हणजे शर्टाच्या खिशात तीन पेनं लावणारा, साठीचा, हडकुळा, कुणाचंही ऐकून घेणारा गृहस्थ. अशा माणसाशी भांडणं म्हणजे उशीवर बुक्क्या मारणं. पुढची ओळ होती, ‘फ्रीज एक. चालू. दार सपाट, ओरखडा नाही.’

“दार सपाट?” मी म्हणालो. “फ्रीजचं दार आणखी कसं असतं?”

“लिहिलेलं बरं असतं, साहेब.”

त्यांनी फ्रीज उघडून दाखवला. पण उघडायची तऱ्हा अशी, की स्वतः बाजूला भिंतीला टेकून उभे, हात लांब केलेला आणि तोंड खिडकीकडे.

“आत काय वाघ बांधलाय का?” मी विचारलं.

“सवय हो,” ते म्हणाले आणि दार हळूच लावलं.

माझी मुलगी खिडकीशी उभी होती. अडतीस वर्षांची आहे, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. त्या दिवशी तिच्या डाव्या भुवईवर सात टाके होते. ते तिच्या नवऱ्याचं काम. बारा वर्षं तिने ते घर सांभाळलं आणि बाराव्या वर्षी एका पिशवीत कागदपत्रं भरून माझ्याकडे आली. माझी एक खोली त्याला ठाऊक होती, म्हणून हे नवं घर घेतलं. तिची आई हयात असती तर तिच्याशी बोलली असती. मला तसं बोलता येत नाही. मला माणसाला कोर्टात खेचता येतं.

मालक गेल्यावर ती म्हणाली, “बाबा, माझी एकच अट आहे. या घरात कुणी काही आपटायचं नाही. दार नाही, भांडं नाही, फोन नाही. ज्या दिवशी आपटाल त्या दिवशी मी जाईन. कुठे, ते विचारू नका.”

“कुठे जाणार आहेस?” मी म्हणालो. आवाज जरा चढला असेल. तिने डावा खांदा कानापर्यंत वर ओढला. मुका मार खाल्लेल्या माणसाला ही सवय लागते. मी मनातल्या मनात जावयाला शिवी घातली.

जायला तिला दुसरी जागा नव्हती. फक्त त्याचं घर होतं. आणि पुढच्या वेळी तो भुवईवर थांबला नसता. म्हणून मी अट मान्य केली. कागदावर लिहून देतो म्हणालो, तर ती हसली. “तुमच्या सहीचं मला काय लोणचं घालायचंय?”

२

तिसऱ्या दिवशी सकाळी उपसंपादकाचा फोन आला. माझ्या साप्ताहिक लेखातले मधले दोन परिच्छेद त्याने उडवले होते, आणि उडवले ते नेमके ज्यांत एका पोलीस अधिकाऱ्याचं नाव होतं तेच. पोरगा कालचा आलेला, मला ‘सर, टोन जरा हार्श वाटला’ म्हणून ऐकवत होता. तळपायाची आग मस्तकात गेली. एरवी मी फोन असा ठेवला असता की पलीकडे त्याचा कान फाटला असता. पण न्हाणीघरात पाण्याचा आवाज येत होता, मुलगी आंघोळ करत होती. मी दात-ओठ खाल्ले, उजवी मूठ आवळली आणि फोन कापसावर ठेवावा तसा मेजावर ठेवला.

त्याच क्षणी स्वयंपाकघरात धप्प झालं.

एकदाच. ओट्यावरच्या चमच्यांचा स्टँड किणकिणला आणि गप्प झाला. मी जाऊन पाहिलं. काही पडलं नव्हतं. पंखा कण्हत होता, फ्रीज गुरगुरत होता. दूध काढायला दाराला हात लावला तेव्हा बोटांना काहीतरी लागलं.

फ्रीजला टेंगूळ आलं होतं.

दुसरा शब्द मला सुचत नाही. पत्र्याला पोचा पडतो तेव्हा तो आत जातो. हा बाहेर आला होता, लिंबाएवढा. गुन्ह्यांच्या पानावर बावीस वर्षं काढलेल्या माणसाला एक गोष्ट नक्की कळते. घाव कुठल्या बाजूने बसलाय ते.

३

मालकांना बोलावलं. बोलावलं म्हणजे फोनवर झाडलं. भंगार माल भाडेकरूच्या गळ्यात मारता, उद्या जाताना हे माझ्या अनामत रकमेतून कापाल, वगैरे. ते तासाभरात आले. यादी आणली होती. मापाची टेपही आणली होती, आणि मी टेपचं नाव काढलं नव्हतं.

“लिहून घेऊ या, साहेब.”

“नीट लिहा. तारीख, आकार, जमिनीपासूनची उंची. आणि बाहेरच्या बाजूला आलाय हे ठळक लिहा. म्हणजे मी ठोकला असं उद्या म्हणता येणार नाही.”

त्यांनी बाजूला उभं राहून टेप लावली. ‘उंचवटा एक. तीन फूट दहा इंच.’ त्यांनी सही केली, मी केली. मला बरं वाटलं. कागद हातात असला की मला नेहमीच बरं वाटतं.

“आधीच्या भाडेकरूंच्या वेळी असं झालं होतं का?” मी विचारलं.

“प्रत्येकाची यादी वेगळी असते,” ते म्हणाले आणि चपला घालू लागले.

मी तेवढ्यावर सोडणारा नव्हतो. फ्रीज दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. चांगला जाडजूड, गाणी गुणगुणणारा कारागीर. मी त्याला माझे तर्क ऐकवले. गॅसचा दाब, बर्फ फुगणं, पत्रा तापणं. त्याने दाराच्या आतलं प्लास्टिक स्क्रू काढून उचकटलं. ते आरशासारखं गुळगुळीत होतं. मधला फोमही जागच्या जागी, त्याला चीर नव्हती.

“काका, गॅस या दारात येतच नाही,” तो म्हणाला. “हा पत्रा आतून ठोकलाय. आणि आतून ठोकायचा तर ठोकणारा या दीड इंचात बसायला पाहिजे.” स्वतःच्याच विनोदावर तो हसला. मग त्याने बोट त्या उंचवट्यावरून फिरवलं आणि हसायचा थांबला. प्लास्टिक परत बसवताना तो गुणगुणत नव्हता.

४

पुढच्या दहा दिवसांत आणखी तीन आले.

एक आला तेव्हा मी कोर्टाच्या कारकुनाशी फोनवर बोलत होतो. मुलीच्या संरक्षणाच्या अर्जावर त्याने तिसऱ्यांदा तारीख पुढे ढकलली होती. एक आला तेव्हा शेजारीण जिन्यात म्हणाली होती, “जावई किती छान बोलतात हो, परवा खाली भेटले, तुमचा मजला विचारत होते.” आणि एक आला तेव्हा कुणीच काही केलं नव्हतं. मी नुसता बसून जावयाच्या तोंडाचा विचार करत होतो.

प्रत्येक वेळी मी काही आपटलं नाही. प्रत्येक वेळी मूठ वळली आणि मी ती सोडली. प्रत्येक वेळी आत धप्प झालं आणि चमचे किणकिणले. योगायोगाची मोजदाद करायला मी तयार असतो, पण चारदा?

मालक येत गेले, टेप लावत गेले. चारही उंचवटे एकाच रेषेत होते. तीन फूट दहा इंच. यादीचा कागद भरत आला, तसा मी त्याला दुसरा कागद टाचला.

एका दुपारी मुलगी कॉलेजात असताना मी खिडकीच्या उजेडात चौथ्या उंचवट्यावर हात ठेवून पाहिला. तो लिंबासारखा गोल नव्हता. तीन गाठी होत्या, शेजारी शेजारी. चौथ्या गाठीच्या जागी पत्रा सपाट होता.

माझ्या उजव्या हाताची करंगळी मिटली की तिच्या मुळाशी गाठ दिसत नाही. तिथलं हाड मोडून आत गेलंय. पोलिसांच्या दंडुक्याने मोडलं, एका मोर्चाची बातमी करताना. पत्रकार संघात हा किस्सा मी इतक्यांदा सांगितलाय की नवी पोरं मला तो हात दाखवायला लावतात.

मी मूठ वळून त्या गाठींशेजारी धरली. मग लगेच हात खिशात घातला. वृत्तपत्रातल्या माणसाने इतक्या लहान पुराव्यावर बातमी करू नये, असं मी स्वतःला बजावलं.

त्या संध्याकाळी मुलीने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, “बाबा, तुम्ही फ्रीजवर हात उचलता का?”

“मी?”

“त्याने पण वस्तूंपासूनच सुरुवात केली होती. आधी कपाट. मग टीव्ही. मग मी.”

याला म्हणतात अन्याय. मी तरातरा गेलो, यादी आणून तिच्यापुढे ठेवली. “वाच. बाहेरच्या बाजूला, लिहिलंय. मालकाची सही आहे. माप आहे. मी तुझ्यावर आयुष्यात कधी हात उगारलेला नाही, आणि एका फुटक्या फ्रीजवर उगारीन?”

तिने कागद वाचला. मापांच्या रकान्यावर तिचं बोट थांबलं. एक, दोन, तीन, चार. मग तिने कागदाची घडी घातली. मला वाटलं, पटलं असावं.

“आणखी एक आला की मी जाणार,” ती म्हणाली.

५

तो आला शनिवारी, दुपारी साडेतीनला. मी दार उघडलं ते पेपरवाला बिल घेऊन आलाय असं समजून.

जावई माझ्याशी कधी वाईट बोललेला नाही. तेव्हाही म्हणाला, “बाबा, तुम्ही मध्ये पडू नका, तुमचं वय झालंय.” आणि माझ्या पोटात गुडघा घातला. मी दिवाणखान्यात आडवा झालो. उठायला गेलो तर त्याने बरगडीत लाथ घातली. काहीतरी मोडल्याचं मला ऐकू आलं. मी उजवा हात अंगाखाली घेऊन पालथा पडलो होतो. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे सगळे तेच विचारत राहिले. माझा हात माझ्या अंगाखाली होता.

मुलगी स्वयंपाकघरात पळाली होती. तिथून दुसरं दार नाही. त्याने तिला केसांना धरून ओट्यावरून खेचलं. भांडी खाली आली. मिक्सरचं तडकलेलं झाकण माझ्या नाकापर्यंत घरंगळत आलं. जमिनीवरून मला दाराच्या चौकटीतून तेवढंच दिसत होतं. फ्रीजची खालची अर्धी बाजू, त्याच्या कडेला टेकून खाली बसलेली माझी मुलगी, आणि तिच्यावर वाकलेला तो. त्याने तिचं डोकं धरून फ्रीजच्या कडेवर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा. टाके उसवले. ती ओरडली नाही. तिने फक्त डावा खांदा कानापर्यंत ओढला.

मला त्याला ठार मारायचं होतं. मी शब्द जपून वापरणारा माणूस आहे. ठार.

फ्रीजमध्ये धप्प झालं.

तो थांबला. परत झालं. परत. चमच्यांचा स्टँड खाली पडलेला होता, किणकिणायला काही नव्हतं, नुसता पत्र्याचा आवाज.

“कोणाला लपवलंयस आत?” तो हसला. “कॉलेजातला कुणी आहे का?”

त्याने तिचे केस सोडले, वाकूनच फ्रीजच्या मुठीला हात घातला आणि दार उघडलं. अगदी समोर राहून उघडलं.

आतला दिवा लागला नाही. दुधाची पिशवी, अंडी, काहीच दिसलं नाही, सगळी जागा भरलेली होती. मला एक बाही दिसली. पांढरी, कोपरापर्यंत दुमडलेली, दुमडीवर निळ्या शाईचा डाग. तशा शर्टात मी तीस वर्षांपूर्वी कचेरीत जात असे.

मग हाड फुटल्याचा आवाज झाला. जावई उलटा येऊन भिंतीवर आदळला. त्याचा जबडा एका बाजूला गेला होता, रक्त हनुवटीवरून धारेने गळत होतं. फरशीवर त्याचे दात होते. मी मोजले, तीन. तो उठला नाही, हात-पायांवर रांगत माझ्या अंगावरून बाहेर गेला आणि जिन्यावरून गडगडत खाली पडला.

मुलीने हात लांब करून फ्रीज लावून घेतला. तोंड तिने खिडकीकडे केलं होतं.

६

फौजदार माझ्या ओळखीचा निघाला. मी त्याच्याविरुद्ध दोन बातम्या केलेल्या होत्या.

“तुमच्या जावयाने लिहून दिलंय, सासऱ्याने मारलं,” तो म्हणाला. “पुढे ‘फ्रीजमधून’ असंही लिहिलंय, पण ते आम्ही डॉक्टरांवर सोडलंय. जबड्यावर तीन गाठींची खूण आहे. हात दाखवा, साहेब.”

मी दाखवला. खरचटलेलं नाही, सूज नाही. त्याने मूठ वळायला लावली आणि करंगळीच्या मुळाशी जरा जास्त वेळ पाहिलं.

“बाबा बाहेर पडलेले होते,” मुलगी म्हणाली. तिच्या भुवईला दुसऱ्यांदा टाके घातलेले होते. “त्याला फ्रीजचं दार लागलं.”

घरात घुसणं आणि मारहाण, या कलमांखाली जावयाला आत टाकलं. जामीन झाला नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा ती त्या संध्याकाळी सलग दोन तास झोपली. मी बरगड्यांना पट्टा बांधून तिच्या उशाशी बसलो होतो. जागी झाल्यावर तिने माझा उजवा हात हातात घेतला.

“हे हाड कशाने मोडलं, बाबा?”

“सांगितलंय की. मोर्चात. दंडुका...”

“मी नऊ वर्षांची होते,” ती म्हणाली. “तुम्ही कचेरीतून आलात. तुमची बातमी दाबली होती कुणीतरी. मी तुमच्या टंकलेखन यंत्राची फीत ओढून काढली होती, खेळता खेळता. मी कपाटाला पाठ लावून उभी होते. तुम्ही मला मारलं नाही, खरंय. माझ्या डाव्या कानाशेजारी कपाटाचं दार मोडलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकलाय, तुमच्याही आधी. आईने तुम्हाला दवाखान्यात नेलं, आणि घरी येईपर्यंत तो दंडुका झाला होता.”

मी हात मागे घेतला.

“यादीतलं माप वाचलं तेव्हाच मला कळलं,” ती म्हणाली. “तीन फूट दहा इंच. तेव्हा माझा कान तिथे होता.”

७

मी मालकांना निरोप दिला, फ्रीज उचला. सोमवारी सकाळी ते यादी घेऊन आले. पट्ट्यामुळे मला नीट श्वास घेता येत नव्हता, तरी मी सांगत होतो, आजच्या आज न्या, भंगारात घाला, जाळा.

“फ्रीज राहील,” मुलगी म्हणाली. ती त्याच्याशेजारी उभी होती.

“तू मध्ये बोलू नकोस.”

“राहील, बाबा. यादीतली वस्तू आहे.”

“हे घर माझ्या नावावर घेतलंय,” मी ओरडलो. “माझ्या घरात काय ठेवायचं ते मी...” माझा हात मेजावर आदळायला वर गेला होता. आदळला नाही. कारण मी तिच्या खांद्याकडे पाहिलं आणि तो जागचा हलला नव्हता. माझा आवाज चढला आणि तिचा खांदा हलला नाही, असं मी पहिल्यांदाच पाहत होतो. ती शांत उभी होती, तळहात फ्रीजच्या दारावर टेकवून, तापलेल्या मुलाच्या कपाळावर टेकवावा तसा.

“आवाज खाली घ्या, बाबा,” ती म्हणाली.

आत धप्प झालं. हलकंच झालं. या वेळी मी रागावलेलो नव्हतो, मी घाबरलेलो होतो.

मालकांच्या हातात टेप तयारच होती. “जरा बाजूला व्हा, साहेब,” ते म्हणाले. नवा उंचवटा त्या रेषेत नव्हता, बराच वर होता. लहानसा. चार गाठी, चारही शाबूत. त्यांनी माप लिहिलं, पाच फूट एक इंच, आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी सही केली. पस्तीस वर्षांत न भांडता केलेली ती माझी पहिली सही.

ते गेल्यावर मी न्हाणीघराच्या दाराला पाठ लावून उभा राहिलो आणि पट्टी घेऊन मोजलं. पाच फूट एक इंचावर माझा जबडा येतो.

मुलगी आता बरी आहे. वजन वाढलंय, कॉलेजातून येताना शीळ घालते. माझ्याशी फार मायेने वागते. मी फोनवर हळू बोलतो. उपसंपादक म्हणतो, सर, तुमचा टोन किती बदललाय.

रोज सकाळी ती ओट्याशी उभी राहून चहाचं आधण ठेवते आणि मागे न बघता म्हणते, “बाबा, जरा दूध काढून देता?”

मी भिंतीला टेकून उभा राहतो, तोंड खिडकीकडे करतो, आणि हात लांब करून दार उघडतो.